कार्ल्याचे लेणे आणि लेण्यापुढची जत्रा

प्राचीन स्थळांच्या दर्शनास जाणाऱ्या सुशिक्षित प्रवाशांत अलीकडे एक नवी रुची उत्पन्न झाली आहे. कुंपण घातलेली, हिरवळ राखलेली, जागोजाग माहितीचे फलक लावलेली स्थळे पाहून त्यांचे मन तृप्त होईनासे झाले आहे. तेथे सर्व काही नीटनेटके असते, परंतु जीव नसतो, अशी त्यांची तक्रार. यास्तव ते जेथे घंटा वाजते, दिवा जळतो, हळद-कुंकवाने दगड माखलेला असतो, माणसांची रेटारेटी चालते, अशा जागा हुडकीत जातात आणि परत आल्यावर ‘खरे काय ते तेथेच पाहावयास मिळाले’ असे सांगतात. ही रुची वाईट नाही. आम्हालाही तिची बाधा झालेली आहे. मात्र या ‘खऱ्या’चा अर्थ काय, आणि ते पाहावयास जाणाऱ्याच्या हाती नक्की काय लागते, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. एका स्थळाच्या आधारे त्याचा विचार करावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते स्थळ म्हणजे बोरघाटाच्या माथ्याजवळचे कार्ल्याचे लेणे.

कार्ल्यास आम्ही प्रथम गेलो ते विद्यार्थिदशेत, आमच्या एका गुरुजींबरोबर. जाण्यापूर्वी त्यांनी आम्हांस एक सूचना दिली होती, ती अशी, की चैत्र महिन्यात व नवरात्रात तेथे पाऊल टाकू नये, कारण एकवीरा देवीच्या यात्रेमुळे लेणे पाहणे अशक्य होते. त्याप्रमाणे आम्ही श्रावणातील एका आडवारी गेलो. चैत्यगृहात आम्हा दहाबारा विद्यार्थ्यांवाचून कोणी नव्हते. बाहेर पाऊस पडत होता आणि आत स्तूपावर त्या प्रचंड कमानीतून राखी उजेड उतरला होता. दारापुढच्या देवळाकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नाही. ते लेण्याच्या मध्ये आलेली एक अडचण आहे, इतकीच त्याची दखल आमच्या वहीत होती. पुढे अनेक वर्षांनी, गुरुजींची सूचना मोडून, आम्ही चैत्र शुद्ध सप्तमीस, म्हणजे ऐन पालखीच्या दिवशी, मुद्दाम गेलो. या दोन भेटींत आमच्या हातून दोन निरनिराळ्या चुका घडल्या.

प्रथम लेण्याची ओळख करून देणे इष्ट आहे. इसवी सनाच्या मागचे एक व पुढचे एक अशा दोन शतकांच्या आसपास हे चैत्यगृह डोंगराच्या काळ्या कातळात कोरले गेले. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खांबांची रांग असून त्यांच्या शिरोभागी हत्तींवर बसलेली स्त्रीपुरुषांची युग्मे आहेत. स्तूपामागील सात खांब मात्र साधे, अष्टकोनी आहेत. छताच्या अर्धवर्तुळास आतून लाकडी फासळ्या बसविल्या आहेत. दगडी छतास त्यांच्या आधाराची गरज नव्हती, परंतु लाकडी मंडपाची सवय असलेल्या कारागिरांस त्यांवाचून घर पुरे झाल्यासारखे वाटले नसावे. त्या प्राचीन लाकडांपैकी पुष्कळशी अद्यापि जागेवर आहेत. दारापुढे डाव्या हातास चार सिंहांचा उंच स्तंभ आहे. उजव्या हातास त्याचा जोडीदार असावा असे मानतात, आणि त्याच बाजूस आज एकवीरेचे देऊळ उभे आहे.

हे एवढे मोठे काम कोणी केले? राजाने, असे उत्तर आपल्या जिभेवर सहज येते. कार्ल्याच्या भिंती व खांब मात्र निराळे सांगतात. येथील ब्राह्मी लेखांत राजे आहेत, पण घर उभे राहिले ते मुख्यतः वर्गणीवर. वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपण हे शैलगृह पूर्ण करविले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे अभिमानाने कोरून ठेवले आहे. धेनुकाकट येथील सिंहदत्त नामक गंध्याने दाराचे दान केले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने, जो वेणुवासाचा मुलगा होता, द्वाराची घडण केली. अनेक खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत. भदसम नावाच्या भिक्षूने एका मिथुनाचे दान केले, आणि विरक्ताने स्त्रीपुरुषांचे युग्म द्यावे यात त्या काळच्या कोणासही विसंगती वाटलेली दिसत नाही. सिंहस्तंभाचा दाता आपणास महारठी म्हणवितो. या शब्दाचे आपल्या देशनामाशी असलेले साम्य कोणाही मराठी वाचकाच्या कानास लागेल.

त्याहून बोधप्रद लेख आहे तो क्षहरात क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा. वलूरक हे या लेण्यांचे तत्कालीन नाव. तेथे वर्षावास करणाऱ्या सर्व संन्याशांच्या निर्वाहासाठी, पंथाचा वा मूळचा भेद न करता, त्याने करजिक नावाचा गाव दिला. आणि हे दान सांगण्यापूर्वी त्याच लेखात त्याने आपली इतर पुण्यकृत्ये मोजली आहेत. तीन लक्ष गाई दिल्या, देवांस व ब्राह्मणांस सोळा गाव दिले, प्रभास तीर्थी दाने केली, ब्राह्मणभोजने घातली. म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या दारात उभा राहून हा परकीय राजजामात देवब्राह्मणांस केलेल्या दानाची फुशारकी मारतो, आणि भिक्षू ती आपल्या भिंतीवर कोरू देतात. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केल्यावर या गावाच्या दानासंबंधी नवी आज्ञा निघाली, ती मामालच्या अमात्यास उद्देशून. मामाल म्हणजे आपले मावळ.

हे सर्व लेख एकापुढे एक ठेवून वाचले म्हणजे श्रावणातल्या त्या निवांत दुपारी आम्ही जे पाहिले ते कार्ले नव्हते, अशी शंका येऊ लागते. कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल ज्या घाटांनी देशावर चढे त्यांपैकी एकाच्या माथ्यावर हे लेणे आहे. येथे वणजारी उतरत असतील, बैल हंबरत असतील, नाना भाषा कानी पडत असतील. गंधी, सुतार, शेठ, यवन, भिक्षू, भिक्षुणी आपापल्या नावाचा खांब कोठे आहे हे शोधीत असतील. जी शांतता आम्ही प्राचीन समजून डोळे मिटून अनुभवली ती प्राचीन नव्हती. भिक्षूंचा संघ उठून गेल्यानंतरची ती शांतता होती. ओसाड घराची स्तब्धता आम्ही घराचा स्वभाव समजलो. ही आमची पहिली चूक.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. तिला शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा होती. १८०९ साली मारिया ग्रॅहॅम नावाच्या इंग्रज बाईने कार्ले पाहून त्याचे वर्णन आपल्या रोजनिशीत केले, व ते १८१२ साली छापून निघाले. नवस, व्यापार वा वर्षावास यांपैकी काहीही काम नसता केवळ पाहण्यासाठी आलेल्यांच्या पहिल्या पिढीतली ती होय. त्यानंतर फर्ग्युसनसाहेबांनी १८४५ साली आपल्या शैलमंदिरांवरील ग्रंथात कार्ल्यास मानाचे स्थान दिले. बर्जेस व आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. सेनार्त या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल्याचे लेख पुन्हा तपासून छापले. १९०४ साली कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. स्वराज्यात १९५८ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांनी श्रम घेतले नसते तर सामी सुताराचे नाव आज कोणास वाचता आले असते? परंतु त्यांच्या दृष्टीबरोबर एक समजूतही आपल्याकडे आली. स्मारक म्हणजे ज्यातून माणसे वजा केली आहेत अशी वस्तू, आणि मागाहून आलेले जे जे, ते ते सर्व उपरे, अशी ती समजूत. फर्ग्युसननेही देवळाची दखल घेतली ती प्रामुख्याने दुसऱ्या स्तंभाच्या जागी ते आले असावे म्हणून.

‘मागाहून आलेले’ हा शब्द मात्र कार्ल्यास लावताना जपून वापरला पाहिजे. दर्शनी भिंतीवर आज ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या मूळच्या नव्हेत. कित्येक शतकांनंतर, बुद्धाची मूर्ती घडविण्याची चाल रूढ झाल्यावर, जुन्या मिथुनांच्या आजूबाजूस त्या कोरण्यात आल्या, आणि त्यासाठी पूर्वीच्या वेदिकेचे नक्षीकाम छिलून टाकण्यास त्या काळच्या उपासकांस संकोच वाटला नाही. येणेप्रमाणे बौद्धांनी बौद्धांच्याच कामावर हात चालविला. त्यांच्या लेखी ही वस्तू नव्हती, राहते घर होते. राहत्या घरात नवा माणूस आला म्हणजे नवी खुंटी ठोकली जाते. तोच न्याय एकवीरेस लावला म्हणजे तिचे देऊळ हे अतिक्रमण न वाटता त्याच घराची पुढची ओसरी वाटू लागते. दामोदर कोसंबी यांनी १९६२ सालच्या आपल्या ‘मिथ ॲण्ड रिॲलिटी’ या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध दाखविला आहे. भिक्षूंनी आपला मुक्काम केला तो अशा वाटांवर, जेथे लोक आधीपासूनच जात-येत व देवांस भजत होते, हे त्यांचे प्रतिपादन मान्य केले तर आधी कोण आणि मागाहून कोण, या प्रश्नाचे उत्तर अगदीच सोपे राहत नाही.

या विचारांच्या ओझ्यासह आम्ही सप्तमीस मळवलीच्या स्थानकावर उतरलो. मुंबई, ठाणे, रायगड या किनाऱ्यांवरील कोळ्यांची एकवीरा ही कुलस्वामिनी. आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू वगैरे मंडळीही तिला मानतात. एकेका कोळीवाड्याची माणसे एका रंगाची वस्त्रे नेसून, आपापली पालखी खांद्यावर घेऊन निघाली होती. अर्ध्या डोंगरापर्यंत मोटारींची रांग लागली होती. पायऱ्यांच्या दोहों बाजूंस नारळ, खण, हिरव्या बांगड्या, फुलांच्या वेण्या, पेढे यांची दुकाने होती. गुलालाने पायऱ्या तांबड्या झाल्या होत्या. बायका डोक्यात वेण्या माळून, अंगावर सोने घालून, म्हाताऱ्या सासवांस हात देत चढत होत्या. येथवर सर्व आमच्या अपेक्षेप्रमाणे झाले आणि आम्ही मनातून प्रसन्न झालो. ‘हे खरे कार्ले’, असे आम्ही स्वतःशीच म्हणालो.

इतक्यात कर्णे सुरू झाले. एका पालखीपुढे गाडीएवढ्या पेट्या रचून त्यांतून चित्रपटातील चालीवर बसविलेले देवीचे गाणे लावले होते आणि तरुण मुले हातात मोबाइल धरून नाचत होती. आमचा विरस झाला. देवळापाशी सावलीत एक वृद्ध कोळीण टेकली होती. तिच्याजवळ बसून आम्ही विचारले, “मावशी, तुमची जुनी गाणी आता कोणी म्हणत नाही काय?”

तिने आमच्याकडे नीट पाहून उलट विचारले, “कुठून आलात, भाऊ? कुलस्वामिनी हीच का तुमची?”

नाही, आमची नव्हे, आम्ही लेणे व यात्रा पाहावयास आलो, असे आम्ही सांगितले.

“निस्तं बघायला?” ती म्हणाली. तिच्या स्वरात उपहास नव्हता, नवल होते. मग म्हणाली, “गाणी म्हणतो की. घरी म्हणतो, लग्नात म्हणतो. इथं एवढ्या गर्दीत देवीला ऐकू जायला नको का?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात तिने पिशवीतून एक नारळ काढून आमच्या हाती दिला आणि म्हणाली, “रिकाम्या हातानं नका जाऊ वर.”

ही आमची दुसरी चूक, आणि विचार करता ती पहिलीचीच बहीण ठरते. पहिल्या खेपेस आम्हांस माणसे नको होती. दुसऱ्या खेपेस हवी होती, पण आमच्या आवडीची. ती जुन्या चालीवर गाणारी, विजेचा उपयोग न करणारी, आमच्या वहीत शोभतील अशी असावीत, ही आमची अट होती. पूर्वीच्या प्रवाशाने लेण्यातून गर्दी वजा केली. आजचा प्रवासी गर्दीतून आजचा दिवस वजा करू पाहतो. दोघेही जिवंत माणसास चित्र बनवितात. ज्यास आम्ही ओबडधोबड, अकृत्रिम म्हणून नावाजतो ते त्या लोकांच्या दृष्टीने मुळीच ओबडधोबड नसते. ती पालखी सजविण्यासाठी त्यांनी वर्षभर पैसे साठविलेले असतात. सामी सुतारास आपले दार जितके सुबक वाटले असेल, तितकाच त्या मुलांस आपला थाट सुबक वाटत होता.

जुने प्रवासी या चुकीतून वाचत, कारण त्यांस काम असे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेस निघाले ते यज्ञातील दक्षिणा मिळवून घरचे ऋण फेडावे म्हणून. वाटेत बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाने मराठीत एक अपूर्व वस्तू आणून ठेविली. ‘अनुभव’ घेण्यासाठी ते निघाले नव्हते. म्हणूनच त्यांस तो आला, असे आम्हांस वाटते. काम घेऊन गेलेला माणूस त्या जागी कोणीतरी असतो; यजमान, भिक्षुक, ग्राहक, नवसकरी. केवळ बघ्या हा तेथे कोणीच नसतो. ‘निस्तं बघायला?’ या प्रश्नाचा रोख नकळत तेथेच होता.

येथे वाचक विचारतील, की मग जे जे चालले आहे ते ते सर्व चालू द्यावे काय? दोन हजार वर्षे टिकलेल्या कातळावर गुलाल, तेल, धूर यांचा मारा होऊ द्यावा काय? आमचे तसे मुळीच म्हणणे नाही. दगड एकदा झिजला की परत येत नाही. सिंहस्तंभावरील महारठीचे नाव पुसले गेले तर कोणत्याही पालखीने ते भरून निघणार नाही. १९५८ च्या कायद्यात असे कलम आहे, की सरकारच्या ताब्यातील स्मारक उपासनास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा त्याचा उपयोग होऊ नये. कलम रास्त आहे. प्रश्न इतकाच, की कार्ल्याचे ‘स्वरूप’ कोणते? १९५६ साली डॉक्टर आंबेडकरांनी नागपुरास बौद्ध धर्माचा स्वीकार केल्यापासून या लेण्यांकडे आपल्या पूर्वजांचा वारसा म्हणून पाहणारा मोठा समाज महाराष्ट्रात उभा आहे. त्यांच्या दृष्टीने चैत्यातील स्तूप ही जुनी वस्तू नसून वंदनेचे स्थान आहे. कोळ्यांस देवी आहे, नवबौद्धांस स्तूप आहे, पंडितांस शिलालेख आहेत. यांपैकी एकालाच ‘खरा’ ठरवून इतरांस बाहेर काढू लागलो तर उषवदाताचा लेख आपल्याविरुद्ध साक्ष देण्यास भिंतीवर हजर आहे. दान सर्वांसाठी, भेद न करता, असे तो म्हणतो. क्षत्रपाच्या जावयास जे सुचले ते आपणास सुचू नये, ही लाजिरवाणी गोष्ट होईल.

तेव्हा व्यवहार असा असावा. कोरीव कामास स्पर्श, तेल व धूर यांपासून जपावे आणि ते काम पहारेकऱ्यावर न सोडता, पालखी घेऊन येणाऱ्या वाड्यांच्या पुढाऱ्यांसच त्यात सहभागी करावे. कारण ज्यांनी वर्षानुवर्षे देवीची पालखी एकदिलाने डोंगरावर चढविली त्यांस एका खांबाभोवती दोन हात जागा मोकळी ठेवणे अवघड नाही. सामी सुतार, सिंहदत्त गंधी व धेनुकाकटाचे यवन यांची कथा मराठीत, सोप्या शब्दांत, वाटेवरच सांगितली जावी. आपल्याप्रमाणेच हातावर पोट असलेल्या माणसांनी हे घर वर्गणी काढून बांधले, हे यात्रेकरूस कळले तर त्या खांबाविषयी त्याच्या मनात जी आपुलकी उत्पन्न होईल ती कोणत्याही फलकावरील मनाईने होणार नाही. आणि आम्ही सुशिक्षित प्रवाशांनी एवढे करावे, की अशा ठिकाणी जाताना काहीतरी काम घेऊन जावे. निदान कोणाचे निरोप, कोणाचा नारळ, कोणाच्या म्हाताऱ्या आईस दिलेला हात.

त्या दिवशी आम्ही तो नारळ वर नेला. रांगेत दोन तास उभे राहावे लागले, आणि लेणे पाहण्यास वेळ उरला नाही. चैत्याच्या दारापाशी क्षणभर थांबून आत पाहिले, तेव्हा दोन लहान मुली सिंहदत्ताच्या उंबरठ्यावर बसून खोबरे खात होत्या आणि त्यांची आजी त्यांस हाका मारीत होती. आमची वही कोरीच राहिली. परत येताना गुजरांच्या गर्दीतून त्या मावशीस शोधून प्रसादाची अर्धी वाटी तिला दिली. तिने ती कपाळास लावली आणि विचारले, “आता पुढल्या साली येणार ना?” येऊ, असे आम्ही सांगितले, आणि तेव्हापासून दर चैत्रात तेथे आम्हांस काम असते.